रक्ताचें सोवळें

दानाची वस्तु निर्मळ असावी, हें आमच्या घरांत लहानपणापासून कानांवर पडत आलेलें. किडका दाणा भिक्षेंत घालूं नये, विटकें वस्त्र कोणास देऊं नये, असा आमच्या आजीचा दंडक होता. रक्तदानालाहि तोच नियम लागतो, हें मात्र आम्हांस गेल्या श्रावणांत उमगलें.

वर्ध्याच्या लगत बोरगांव मेघे येथें आमचें एकत्र कुटुंब राहतें. तेथें त्या महिन्यांत नात जन्मली. आई आर-एच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह; दुसऱ्याच दिवशीं पोर काविळीनें पिवळी पडली. तिचें रक्त बदलावें लागेल, असें डॉक्टर म्हणाले. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा ओ-निगेटिव्ह. ओसरीलगतच त्याचें मोटारींच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याचें दुकान. हातांतलें काम टाकून तो धांवला. बाही सारून बसला असतां डॉक्टरांनीं सहज व्यवसाय विचारला, आणि उत्तर ऐकून ते थबकले. "आपलें रक्त या बाळासाठीं नको, दुसरा दाता पाहूं," ते म्हणाले. पुतण्याचा चेहरा उतरला. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तो अपमान वाटला. आमच्या कुळाचें रक्त, आणि आमच्याच नातीला चालेना!

रात्रीं दुसरें रक्त मिळालें, बाळ वांचलें. मग डॉक्टरांनीं आम्हांस शांतपणें समजाविलें. आपल्या देशांत दानाच्या प्रत्येक पिशवीची एच्.आय्.व्ही., ब व क प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप या ५ रोगांसाठीं तपासणी सक्तीची आहे. पैसे घेऊन रक्त देण्याची चाल सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानें १९९८ पासून बंद झाली. परंतु शिसें त्या यादींत नाहीं. रक्तांतील जवळजवळ सर्व शिसें लाल पेशींत असतें, आणि त्याच पेशी आपण रुग्णास देतों. प्रौढाच्या सुमारें ५ लिटर रक्तांत एक पिशवी मिसळली तर तें विरून जातें. नवजात बालकाच्या अंगांत मात्र सारें रक्त पेलाभर, आणि तें बदलतांना त्याच्या सुमारें दुप्पट रक्त वापरावें लागतें. शिशाची कोणतीहि मात्रा निर्धोक ठरलेली नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग मेंदू घडत असलेल्या बाळाची गोष्ट काय!

पुतण्यानें पुढें स्वतःचें रक्त तपासून घेतलें. शिसें बरेंच निघालें. आम्ही घाबरून त्याच्या दोन्ही मुलांचेंहि तपासविलें. धाकट्याच्या रक्तांतहि तें सांपडलें. तें पोर कधीं दुकानांत गेलें नव्हतें. बापाच्या ज्या खांद्यावर तें झोंपे, त्याच सदऱ्याला ती धूळ चिकटलेली असे.

आतां दुकान घरापासून दूर नेलें आहे. काम संपल्यावर तेथेंच स्नान करून, वस्त्र पालटून तो घरीं येतो. हळकुंडें आम्ही वायगांवचीं आणून घरींच दळतों. कारण रंग खुलावा म्हणून हळदींत शिशाचें पिवळें द्रव्य मिसळल्याचे प्रकार बांगलादेशांत उघडकीस आले आहेत. रक्तांतील शिसें कांहीं महिन्यांत उतरतें. हाडांत शिरलेलें मात्र वर्षानुवर्षें ठाण मांडतें, असें डॉक्टर म्हणाले. म्हणून मुलांची तपासणी आम्ही चालूच ठेविली आहे.

हें वाचून कोणीं रक्तदानाचा धसका घेऊं नये. रक्तावांचून आमची नात आज रांगती ना. इतकेंच करावें, कीं बॅटरीचें, रंगाचें किंवा धातु वितळविण्याचें काम करणाऱ्यानें, कोणी विचारो वा न विचारो, तें आधीं सांगावें. मग कोणाचें रक्त कोणास द्यावें, हें डॉक्टर ठरवितील.

आजीच्या सोवळ्याला आम्ही तरुणपणीं हंसत असूं. तिचीं बरींच बंधनें आमच्या घरांतून गेलीं, आणि गेलीं तें बरेंच झालें. एक मात्र पुतण्यानें न सांगतां पुन्हा धरलें आहे : संध्याकाळीं धाकटा दारांतूनच हात पसरतो, तरी हातपाय धुतल्याखेरीज तो त्याला उचलून घेत नाहीं.