काळी एकमध्ये उतरलेली गिटार

ब्लॅक सॅबथचा ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ १९७१ सालचा. गिटार दुरुस्तीच्या धंद्यात असूनही मी तो नीट ऐकला फार उशिरा. मेटॅलिका, स्लेअर ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्यांना वाटायचं की वेग म्हणजेच मेटल. मग कॉलेजातला एक मुलगा दुकानात आला आणि म्हणाला, “काका, ‘इन्टू द व्हॉइड’ वाजवायचंय, गिटार तशी लावून द्या.” त्यासाठी अल्बम लावला आणि हातातलं काम बाजूला पडलं.

या अल्बमचं वजन आवाजाच्या मोठेपणात नाही, तारेच्या ढिलेपणात आहे. गिटारची सगळ्यांत जाड तार एरवी पांढरी तीनमध्ये असते. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमीने इथे काही गाण्यांसाठी ती काळी एकपर्यंत, म्हणजे तीन अर्धस्वर खाली आणली. तार तीच ठेवून एवढं उतरलं की तिच्यावरचा ताण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. जोरात छेडली की स्वर क्षणभर वर चढतो, मग जागेवर येतो. गीझर बटलरनेही आपला बास तेवढाच उतरवला. दोघांचे स्वर एकत्र डुलतात तेव्हा जमीन सरकल्यासारखी वाटते.

आजचे वादक एवढं खाली उतरताना जाड तारा चढवतात, म्हणजे ताण परत मिळतो. आयोमीला तो ताण नकोच होता. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात, सतराव्या वर्षी, नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जळालेल्या हाताच्या दोन बोटांवर सोलो वाजवणारा तो थोर माणूस. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, आणि बारीक तारा शोधल्या. त्या मुलालाही मी बारीक ताराच ठेवायला सांगितल्या. ताण घटल्यावर गिटारची मान मागे जाते, म्हणून मानेतला ट्रस रॉड थोडा सैल केला. तरी थोडी खरखर उरली. ती मी मुद्दाम काढली नाही.

पुढे डूम आणि स्लज या शैली याच उतरलेल्या तारांवर उभ्या राहिल्या. पण नुसतं खाली उतरणाऱ्यांच्या हाती हा अल्बम लागलेला नाही, असं मला ठामपणे वाटतं. जेमतेम ३४ मिनिटांच्या रेकॉर्डमध्ये आयोमी ‘सॉलिट्यूड’मध्ये बासरी वाजवतो, आणि दुसरी बाजू सुरू होते ती ‘ऑर्किड’ने, निव्वळ अकूस्टिक गिटारवर. दीड मिनिटाचा हा तुकडा पुष्कळ जण वगळून पुढे जातात. त्याच्या लगेच मागून ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ येतं. कान त्या स्वच्छ तारांना सरावलेला असतो, म्हणूनच पहिला खालचा स्वर छातीवर येऊन आदळतो.