लव्हाळा मेला नव्हता, झोपला होता



आज सकाळी विहिरीकडच्या मोकळ्या पट्ट्यात खुरपं घेऊन बसलो आणि लव्हाळ्याची एक माळ सबंध उकरून काढली. 7 गाठी निघाल्या. कोंब फक्त टोकाच्या गाठीला. बाकीच्या 6 गप्प. नखाने सोलून बघितल्या, आत पांढऱ्या, जिवंत.

मागच्या पावसाळ्यात इथंच आंतरप्रवाही तणनाशक मारलं. रान पिवळं पडलं, मी खूश. वर रोटाव्हेटर फिरवला. पुढं लव्हाळा आधीपेक्षा दाट!

चूक माझीच. पानातलं औषध अन्नरसाबरोबर वाढ चालू असेल तिकडं जातं. झोपलेली गाठ अन्न ओढत नाही, मग औषध तिला कसं लागणार? त्यात टोकाची गाठ मागच्यांना दाबून ठेवते. रोटाव्हेटरनं माळ तुटली आणि सगळ्या उठल्या. क्रम उलटा झाला.

झोपही एका प्रकारची नसते. कणगीतला गहू नुसता ओलीसाठी थांबलेला असतो. पसऱ्या भुईमुगाचा ताजा दाणा ओल मिळूनही काही आठवडे उगवत नाही. बहुतेक उपट्या जातींना ती झोप नाही, म्हणून काढणीला पाऊस लागला की शेंगा रानातच उगवतात. झोपेत पेशी वाढ थांबवते, खर्च कमी करते, पण मेलेली नसते.

जंतूंचंही तसंच. 1944 साली आयर्लंडच्या जोसेफ बिगर यांनी लिहिलं की पेनिसिलिन देऊनही थोडे जंतू उरतात. ते औषधाला पचवणारे नव्हते, फक्त त्या वेळी वाढत नव्हते. टीबीच्या गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात त्या अशा सुस्त जंतूंसाठीही.

आमच्या आबांनी त्या 2 महिन्यांत सोडल्या. खोकला थांबला, वजन वाढलं, "आता कशाला?" म्हणाले. मीही गप्प बसलो. वर्षाच्या आत दुखणं उलटलं. कोर्स पुन्हा पहिल्यापासून. आबा सावरले, पण पहिल्यासारखा दम राहिला नाही. ते मला अजून टोचतं.

आता ठरवलंय. उन्हाळ्यात नांगरट करून गाठी उन्हात वाळवायच्या, वेचायच्या. पावसानं उरलेल्या उठल्या की नव्या गाठी धरायच्या आत उपाय करायचा. मग दाट ताग, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही. आणि रान साफ दिसलं म्हणून थांबायचं नाही.

तुमच्या रानात लव्हाळा कसा आटोक्यात आला, जरूर सांगा.