विसाव्या वर्षी रिटायर!

कॅनडातल्या किचनर गावात शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आइस हॉकी. तीही मोठ्या स्टार्सची नाही, दहावी-बारावीच्या वयातल्या पोरांची!

कॅनडाला जाऊन आलेला प्रत्येक जण नायगाराचे फोटो दाखवतो. मीही काढलेत, खोटं कशाला बोलू? पण तिथे नक्की बघावं असं काय, असं कुणी विचारलं की मी किचनरचं नाव घेते. टोरांटोपासून पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटर. दादरहून लोणावळ्याला जावं, त्यापेक्षा जरासं जास्त.

गावाच्या नावाचा स्वयंपाकघराशी काहीही संबंध नाही. जर्मन वस्तीच्या या गावाचं मूळ नाव होतं बर्लिन. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या राजधानीचं नाव मिरवणं जड जायला लागलं आणि १९१६ मध्ये मतदान घेऊन ते बदललं. ज्यांचं नाव दिलं ते लॉर्ड किचनर १९०२ ते १९०९ या काळात आपल्याकडे ब्रिटिश फौजेचे सरसेनापती होते. शेजारचं वॉटर्लू म्हणजे ब्लॅकबेरीचं माहेर. त्यामुळे आयटीवाल्यांची इथे चलती, आणि त्यात आपली मराठी मंडळीही आलीच. माझी एक कॉलेजमैत्रीण तिथेच नोकरी करते. शुक्रवारी लॅपटॉप बंद करता करता तिने फर्मान काढलं, ‘स्वेटर घे, मॅचला जायचंय.’

ऑडमध्ये या, गारठून जा

किचनर मेमोरियल ऑडिटोरियम, लाडाचं नाव ‘ऑड’. १९५१ पासून उभी असलेली ही वास्तू खऱ्या अर्थाने गावाची चावडी आहे. आत सात हजारांच्या आसपास माणसं मावतात. निळी जर्सी घातलेल्या आज्ज्या, कडेवर पोरं घेतलेले बाबा, कॉलेजचे ग्रूप आणि सगळीकडे पॉपकॉर्नचा वास. टीमचं नाव किचनर रेंजर्स.

खेळ समजायला पाच मिनिटं पुरतात. वीस मिनिटांचे तीन डाव. एका वेळी पाच खेळाडू आणि गोलकीपर. चेंडूच्या जागी ‘पक’ नावाची रबराची चकती. वेग असा, की पाऊण मिनिटातच खेळाडूंचा दम निघतो आणि खेळ चालू असतानाच ते कठड्यावरून बाहेर उड्या मारतात, दुसरे आत येतात. मधल्या सुट्टीत झांबोनी नावाची गाडी फिरून बर्फ गुळगुळीत करते, तेव्हा बच्चेकंपनी तिलाही टाळ्या वाजवते.

आणि टक्कर? बॉस, काच हादरते! आमच्यासमोरच दोघांनी हातमोजे फेकून एकमेकांना बुकललं. पंचांनी थोडा वेळ बघितलं, मग दोघांची पाच-पाच मिनिटांसाठी पेटीत रवानगी. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या ज्युनियर लीगने २०२३ मध्ये मारामारीवर बंदी आणली. इथे अजून ती शिक्षेवर निभावते.

मी माहितीपत्रक उघडलं आणि जन्मवर्षं वाचून चाट पडले. हेल्मेटमागचे हे पैलवान सोळा ते वीस वर्षांचे आहेत.

सीझन म्हणजे काय रे भाऊ

रेंजर्स खेळतात ऑन्टारिओ हॉकी लीगमध्ये. वीस टीम्स, त्यातल्या तीन सीमेपलीकडे अमेरिकेत. सप्टेंबरअखेर ते मार्च प्रत्येकीला ६८ मॅचेस. त्यानंतर प्लेऑफ, सात-सात मॅचेसच्या चार फेऱ्या. त्यातून तरलं की मेमध्ये मेमोरियल कप. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ पासून चालत आलेला हा कप रेंजर्सनी १९८२ आणि २००३ मध्ये जिंकला. २००८ मध्ये तर स्पर्धा याच ऑडमध्ये होती, पण फायनलला अमेरिकेच्या स्पोकेन चीफ्सनी घरात येऊन हरवलं. ते दुःख अजून ताजं आहे.

२०२५ च्या प्लेऑफची गोष्ट मात्र शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी मला कौतुकाने ऐकवली. विंडसरविरुद्ध पहिल्या तिन्ही मॅचेस हरलेल्या रेंजर्सनी पुढच्या चार ओळीने मारल्या! पुढच्या फेरीत हायवे ४०१ वरच्या कट्टर शत्रूने, लंडन नाइट्सने, त्यांना ४-० असं धुतलं, ही गोष्ट आजोबांनी भरभर उरकली. लंडनने त्या वर्षी मेमोरियल कपही नेला.

वार लावून जेवणारी पोरं

यातली बरीचशी मुलं किचनरची नाहीतच. लीगमधल्या टीम्स दरवर्षी पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांची निवड करतात आणि ज्याचं नाव येईल त्याने बॅग भरायची. राहायचं कुठे? ‘बिलेट’ कुटुंबात. म्हणजे गावातलं एखादं घर सीझनभर त्या मुलाला आपल्यात सामावून घेतं. जेवणखाण, अभ्यास, ताप, रुसवेफुगवे, सगळं त्यांच्याकडे. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, त्याची आठवण झाली. फरक इतकाच, की इथे सातही वार एकाच घरी आणि फ्रिज कायम रिकामा!

स्टँडमध्ये भेटलेल्या अशाच एका ‘बिलेट आई’ने सांगितलं, की मॅच हरल्यावर घरी काय बोलायचं हे ती बरीच वर्षं शिकत आलीय. काहीच बोलायचं नाही, फक्त वाढायचं.

२००९ मध्ये असाच एक सोळा वर्षांचा मुलगा स्टॉकहोमहून इथे आला होता. पुढे तो रेंजर्सचा कॅप्टन झाला आणि २०२२ मध्ये कोलोरॅडो अॅव्हलांचचा कॅप्टन म्हणून त्याने थेट स्टॅनले कप उचलला. गॅब्रिएल लँडेस्कॉग. त्याचं नाव इथे घरच्या पोराचं घ्यावं तसं घेतात.

पण प्रत्येक जण लँडेस्कॉग होत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला टीम्समध्ये खेळाडूंची अदलाबदल होते. शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना पोरगं नव्या गावात, नव्या घरात, नव्या वर्गात. आपली ट्रान्सफर ऑर्डर परवडली.

मालक कोण? आपणच!

रेंजर्स इथे १९६३ पासून आहेत आणि त्यांचा कुणी शेठ मालक नाही. सीझनचं तिकीट काढणारे लोकच संचालक मंडळ निवडून देतात. नफा कुणाच्या खिशात जात नाही. साखर कारखान्याच्या राज्यातून आलेल्या मला हे लगेच कळलं! कोचने कुणाला बसवलं, पॉवर-प्ले का फसला यावर गावात जो वाद चालतो, तो हक्काने चालतो.

स्टुडंट की स्टाफ?

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय: पगार. या पोरांना पगार नाही, किरकोळ भत्ता मिळतो. आठवड्यात दोन-तीन मॅचेस, रोजची प्रॅक्टिस, रात्रीचे बसप्रवास. हजारो लोक तिकीट काढून येतात, मग हे काम नाही तर काय? २०१४ मध्ये काही माजी खेळाडू किमान वेतनासाठी कोर्टात गेले. त्यावर ऑन्टारिओ सरकारने २०१८ मध्ये या खेळाडूंना कामगार कायद्याच्या कक्षेतूनच बाहेर काढलं.

लीगचं उत्तर असतं शिष्यवृत्ती. एक सीझन खेळा, एका वर्षाच्या कॉलेजचा खर्च आमचा. अर्थात अटी लागू. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीने याच पोरांना वर्षानुवर्षं ‘प्रोफेशनल’ ठरवून दारं बंद केली होती. म्हणजे वेतन मागायला गेलं तर विद्यार्थी, शिकायला गेलं तर व्यावसायिक! नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून दार उघडलं. सोळाव्या वर्षी घेतलेल्या एका निर्णयाने पुढचा रस्ता कायमचा बंद होत नाही, ही या पोरांसाठी केवढी मोठी गोष्ट!

बर्फ आणि बस

या खेळाची दुसरी बाजूही ऑडने पाहिलीय. ३० ऑक्टोबर २००९ ला इथेच बेन फनेली या सोळा वर्षांच्या रेंजरला मॅचमध्ये जबर धडक बसली, कवटी फ्रॅक्चर झाली. धडक देणाऱ्या विरोधी खेळाडूला सीझनभर बंदी झाली. तो वीस वर्षांचा, म्हणजे त्याचं ज्युनियर करिअर तिथेच संपलं. फनेली जवळपास दोन वर्षांनी, २०११ मध्ये, पुन्हा बर्फावर उतरला.

आणि बस. ज्युनियर हॉकी ही अर्धी बसमध्येच जगली जाते. ६ एप्रिल २०१८ ला तिकडे सस्कॅचवान प्रांतात हम्बोल्ट ब्राँकोज या ज्युनियर टीमची बस प्लेऑफ मॅचला निघालेली असताना ट्रकवर आदळली. सोळा जण गेले, तेरा जखमी झाले. त्या आठवड्यात देशभर लोकांनी घराबाहेर हॉकी स्टिक्स उभ्या करून ठेवल्या. पोरं जिथे असतील तिथे त्यांना लागतील म्हणून. कॅनडात कुठल्याही ज्युनियर टीमची बस निघाली, की कुणीतरी ‘पोचलास की मेसेज कर’ म्हणतंच.

मार्चमध्ये घरच्या शेवटच्या मॅचेस येतात, तेव्हा विशीतल्या पोरांचा निरोप ठरलेला. यातल्या बहुतेकांना एनएचएल कधीच दिसणार नाही. कुणी कॉलेजला जाईल, कुणी युरोपात छोट्या लीगमध्ये, कुणी बाबांच्या धंद्यात. आपल्या करिअरची जेमतेम सुरुवात होते त्या वयात त्यांचं एक करिअर संपलेलं असतं. गाव त्यांना पुढे काय होणार म्हणून जोखत नाही. चार वर्षं आमच्यात राहिलास, एवढं पुरे, म्हणून टाळ्या वाजवतं. अप्रेजलचा फॉर्म भरताना मला हल्ली त्या टाळ्या आठवतात.

जायचंय?

कधी: सप्टेंबरअखेर ते मार्च. घरच्या मॅचेस बऱ्याचदा शुक्रवारी संध्याकाळी.
कसं: टोरांटोच्या युनियन स्टेशनहून गो ट्रेन किंवा बस. गावात फिरायला २०१९ पासून सुरू असलेली आयऑन ट्राम.
सोबत: जाड स्वेटर, मोजे. बाहेरपेक्षा आत जास्त थंडी वाजते.
जोडीला: ऑक्टोबरमध्ये गेलात तर इथला ऑक्टोबरफेस्ट. बर्लिन नाव गेलं, बिअर राहिली!