माळेतला १९११ चा रुपया

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. लोक घोडे बघायला जातात. आम्ही मुलांना घेऊन गेलो आणि अडकलो चांदीवाल्याच्या तराजूपाशी. सातपुड्यातली एक म्हातारी माय गळ्यातली रुपयांची माळ मोडायला आली होती. औषधपाण्याला पैसे हवे होते.

माळेत पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया दिसला. राजाच्या झग्यावरच्या मानचिन्हात इवलासा हत्ती असतो. त्या वर्षीच्या साच्यात त्याची सोंड इतकी आखूड उतरली, की तो डुकरासारखा दिसू लागला. मुसलमानांची तक्रार झाली. टांकसाळीने सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले जेमतेम ७ लाख बाहेर पडले, बाकीचे वितळवले. १९१२ च्या रुपयावर सोंड स्पष्ट आहे. म्हणून आधी साल बघावे, मग भिंगाने सोंड. वजन पुरे तोळाभर, ११.६६ ग्रॅम.

धाकट्याने कानाशी येऊन विचारले, “अम्मी, चांदीच्या भावात आपणच घेऊ या ना?”

खरे सांगायचे तर मोह आम्हालाही झाला होता. तरी मायला सगळे सांगितले. कडी डाकलेली आहे, त्यामुळे संग्राहक पुरा भाव देणार नाही, पण चांदीपेक्षा जास्त नक्की मिळेल, हेही.

“मॅडम, धंद्याच्या टायमाला शाळा नका भरवू,” चांदीवाला म्हणाला.

मायने तेवढा एक रुपया सोडवून पदराच्या गाठीत बांधला. बाकीची माळ तराजूत टाकली.