ढोलकीवाल्याचं पाकीट

मदतीच्या कार्यक्रमात कलाकारानं मानधन घेऊ नये, असं मी कितीतरी वर्षं मानत आले. नुसतं मानत नव्हते, तसं बोलत होते आणि इतरांकडून करूनही घेत होते. ‘जमा होणारी पै न् पै पूरग्रस्तांना’ ही ओळ आमच्या पत्रकावर मीच घातली होती. आज ती मी घालू देणार नाही. माझं मत कसं बदललं ते सांगायला हवं, कारण कृष्णेला पूर पुन्हा येणार आणि गाण्याचे कार्यक्रम लावून पैसे उभे करणारी माणसंही आपल्या भागात पुन्हा पुढे येणार.

माझ्या जुन्या मताला घरचं खतपाणी होतं. आमचा जिल्हा नाटकाचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. बालगंधर्वांचं नागठाणे आमच्या आष्ट्याहून फार लांब नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. त्यांच्या ‘मानापमान’चा १९२१ सालचा संयुक्त प्रयोग आमच्या घरात पुन्हा पुन्हा सांगितला जायचा. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, म्हणजे दोन स्वतंत्र नाटक मंडळ्यांचे मालक आणि एकमेकांचे स्पर्धक, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत एका रंगमंचावर उभे राहिले. भामिनी गंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. त्यानंतर काही महिन्यांतच केशवराव गेले. माझे वडील ही हकिकत सांगताना शेवटी एवढंच म्हणायचे, “कलावंतानं असं द्यावं.” ते ऐकत मी वाढले. देणं म्हणजे सगळं देणं, त्यात स्वतःचा वाटा ठेवला की ते देणं उरत नाही, असं मनात पक्कं बसलं.

मग २०१९चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५च्या पुराची रेघ ज्यांनी भिंतीवर राखून ठेवली होती, त्यांच्या त्या रेघाही पाण्याखाली गेल्या. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-पोरांसह माणसं गेली. कोल्हापूरकडचा महामार्ग कित्येक दिवस बंद. आष्टा कृष्णा आणि वारणा या दोन्ही नद्यांच्या मधे असलं तरी जरा उंचावर आहे, त्यामुळे अशा वेळी आमच्याकडे नदीकाठचे लोक येतात. शाळेच्या वर्गात, मंगल कार्यालयात, भावकीच्या घरी जिथं जागा मिळेल तिथं ते राहतात. त्या आठवड्यात मी शाळेत होते. पोळ्या येत होत्या, बिस्किटं येत होती, जुने कपडे तर इतके आले की त्यांचं काय करायचं कळेना. नव्हता तो रोख पैसा. गाळ काढायला, भिजलेली वायरिंग बदलायला, पोरांची वह्या-पुस्तकं घ्यायला रोखच लागते.

म्हणून कार्यक्रम. जुनी मराठी गाणी, थोडी नाट्यपदं, शेवटी लावणी आणि पोवाडा. इस्लामपूर, कऱ्हाड, सातारा, जमलं तर पुण्यात आपल्याकडच्या लोकांसाठी एक. धर्मादाय आयुक्तांची वर्गणी गोळा करायची परवानगी, पोलिसांची परवानगी, हॉलच्या तारखा, तिकिटं छापणं, फ्लेक्स, साउंड, लाइट, गाडी. हिशेबाची वही माझ्याकडे होती, कारण शाळेतही सहलीचा हिशेब मीच ठेवायचे. गाणारे बहुतेक सगळे हौशी आणि पगारी माणसं: शिक्षक, विमा कंपनीतला एक अधिकारी, दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टर बाई. वाजवणारे मात्र तसे नव्हते. ढोलकी, तबला, की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांचं घर त्या वाजवण्यावरच चालायचं. मला तेव्हा हा फरक दिसत होता, पण त्याला महत्त्व द्यावं असं वाटलं नव्हतं. एकाच स्टेजवरचे सगळे कलाकार, सगळ्यांना एकच नियम.

आता त्या वर्षीच्या गणपतीकडे बघा. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे पूर ओसरून जेमतेम दोन-तीन आठवडे. सांगली-कोल्हापूर भागातल्या कितीतरी मंडळांनी ठरवलं की यंदा साधेपणानं बसवायचा, कार्यक्रम रद्द आणि वर्गणी पूरग्रस्तांना. मला तेव्हा ऊर भरून आला होता आणि अजूनही तो निर्णय मोठ्या मनाचा होता असंच मी म्हणेन. पण बेंजो पार्टी, बँडवाले, ऑर्केस्ट्रात वाजवणारे, हलगीवाले यांचं वर्षाचं गणित त्या दहा-अकरा दिवसांवर उभं असतं. गणपतीत मिळवायचं, नवरात्रात थोडं आणखी, आणि ते यात्रा-लग्नसराईपर्यंत पुरवायचं. मंडळांनी रद्द केलेली सुपारी ही वाजवणाऱ्याच्या खिशातून गेलेली देणगी होती. तिची पावती मात्र मंडळाच्या नावावर फाटली. त्याला कुणी विचारलं नाही, कारण अशा वेळी हे विचारायचं असतं हेच आपल्याला सुचत नाही.

आमचा ढोलकीवाला कृष्णाकाठच्या गावचा. त्याच्या घरात छातीएवढं पाणी आलं होतं. तो पूरग्रस्तांच्या मदतीसाठी फुकट वाजवत होता आणि स्वतः पूरग्रस्त होता. मला हे माहीत होतं. मला त्याचं कौतुकसुद्धा वाटत होतं आणि मी स्टेजवरून निवेदनात ते सांगायचेही. लोक टाळ्या वाजवायचे.

साताऱ्याच्या कार्यक्रमाहून परत येताना रात्री गाडीत तो माझ्या पुढच्या सीटवर होता. मागं वळून म्हणाला, “बाई, एक विचारू का? ह्या गाडीला किती दिलं?”

मी आकडा सांगितला.

“आन् साउंडला?”

तोही सांगितला. साउंडवाल्यानं बराच कमी केला होता, पण फुकट नव्हता. त्याची माणसं होती, त्यांची हजेरी होती.

“बरं,” एवढंच म्हणून तो पुढं वळून बसला. त्यानं काही मागितलं नाही आणि त्याच्या आवाजात तक्रारही नव्हती. मी मात्र घरी येऊन वही उघडली. हॉलचं भाडं होतं, डिझेल होतं, फ्लेक्सची छपाई होती. सगळ्यांच्या चहा-नाश्त्याचीही नोंद होती. ‘पै न् पै’ कधीच नव्हती. खर्च वजा जाऊन जे उरतं तेच आम्ही देत होतो आणि त्यात गैर काहीच नव्हतं. डिझेलकडे कुणी देणगी मागत नाही. पंपावर “आम्ही पूरग्रस्तांसाठी निघालोय” म्हणून टाकी भरून मिळत नाही. वहीत फक्त एका रकान्यात शून्य होतं. ज्यांना ऐकायला लोक तिकीट काढून आले होते, त्यांच्या हातांचा तो रकाना.

पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेले. गाळ निघाला होता, भिंती ओल्याच होत्या. वाद्यं त्यानं अंगणात उन्हात ठेवली होती. पाण्यात राहिलेल्या तबल्याचं काय होतं हे मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. पुडी फुगून सैल पडते, शाई खपल्या निघाव्या तशी सुटते, वादी कुजते. लाकडाचं खोड वाचलं तर पुडी नवी घालता येते. पेटीचं तसं नाही. भाता कुजतो, चिकटवलेलं कातडं सुटतं, आतले पितळी सूर काळे पडतात आणि फळी वाकली की सूर परत जागेवर बसत नाहीत. त्याच्या भावाची पेटी तशी गेली होती. ज्या ढोलकीवर तो आमच्याकडे वाजवत होता, ती त्यानं मागून आणली होती. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा त्यांनी घर बघितलं, जनावरं विचारली, पीक विचारलं. वाद्यांचं कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. सानुग्रह मदत आली, ग्रामीण भागात कुटुंबाला दहा हजार. ती भांडी, कपडे आणि धान्यात गेली, जायलाच हवी होती.

खरं तर ही वाद्यं दुरुस्त करायचं गाव आमच्या दाराशी आहे. मिरजेला सतारी आणि तंबोरे करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा तिथं येतो आणि तंबोरा होऊन देशभर जातो. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले त्यालाही हे एक निमित्त असावं, असं मला नेहमी वाटतं. तबल्याला पुडी, पेटीला भाता, सगळं तिथं होतं. फक्त पैसे लागतात. आम्ही पैसेच तर गोळा करत होतो.

माझं मत त्या रविवारीच बदललं असं म्हणता येणार नाही. मन चाचपडत होतं, कारण वडिलांचं वाक्य मधे येत होतं. ते वाक्य बाजूला झालं ते सामाजिक कृतज्ञता निधीमुळे. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या बरोबरीच्या नामवंत नटनट्यांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग महाराष्ट्रभर करून हा निधी उभारला. मागे बाबा आढाव होते, साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर होते. मला तो दौरा त्यागाचं उदाहरण म्हणूनच ठाऊक होता. पण निधी कशासाठी होता? पूर्ण वेळ समाजाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना व्याजातून दरमहा मानधन देता यावं म्हणून. चांगलं काम करणाऱ्याच्या घरची चूलही पेटली पाहिजे आणि ती पेटवणं ही समाजाची जबाबदारी आहे, या विचारासाठी एवढी मोठी माणसं गावोगाव हिंडली होती. मी त्यांचा दौरा डोळ्यांपुढे ठेवून माझ्या ढोलकीवाल्याला शून्य लिहीत होते.

मग वडिलांच्या गोष्टीकडेही मी नव्यानं पाहिलं. गंधर्व आणि केशवराव हे मालक होते. द्यायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवलं. आपलं ते देणं त्यांनी स्वतः, स्वतःच्या नावानं दिलं. आमच्या ढोलकीवाल्याचं देणं मी ठरवलं होतं. हौशी गायिका म्हणून डॉक्टर बाई एक संध्याकाळ देतात तेव्हा त्यांच्या घरात काही कमी पडत नाही. तीच संध्याकाळ वाजवणाऱ्याची मजुरी असते. दोघांना एक नियम लावला की गरीबाकडून जास्त घेतलं जातं.

याला विरोध करणारे आमच्यातच आहेत आणि त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. त्यांचा मुद्दा विश्वासाचा आहे. लोक पूरग्रस्तांसाठी तिकीट काढतात. वादकांनी पैसे घेतले हे कळलं की पुढच्या वेळी कुणी येणार नाही. आणि एकदा मानधनाचं दार उघडलं की ते किती उघडेल, हे कोण ठरवणार? हा दुसरा प्रश्न खरा आहे. मदतीच्या नावावर मोठ्या नावाचा कलाकार आणायचा, त्याला जमलेल्यातले निम्मे द्यायचे, असं होऊ नये यासाठी मर्यादा आधीच लिहून ठेवावी लागते.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी आता उलट बोलते. विश्वास लपवण्यानं राहत नाही, हिशेबानं राहतो. १ ऑगस्ट १९७१ला रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. जगभरच्या मदतीच्या कार्यक्रमांचा तो आदर्श. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला लवकर गेले. पण कार्यक्रम आधीपासून नोंदणीकृत मदतसंस्थेमार्फत ठरवलेला नव्हता, म्हणून त्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डचे पैसे अमेरिकेच्या करखात्याच्या चौकशीत कित्येक वर्षं अडकून पडले. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसांचं काम अडलं ते कागदावर. म्हणून माझा आग्रह आता असा की तिकिटाच्या पाठीमागेच छापा: भाडं एवढं, साउंड एवढा, वादकांचं मानधन एवढं, उरलेलं अमुक कामाला. ज्याला पटत नाही त्यानं तिकीट काढू नये. आतापर्यंत आष्ट्यात तरी मला असं सांगायला कुणी आलेलं नाही.

२०२१च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. त्या वेळी कार्यक्रमाचा विचारही शक्य नव्हता. करोनामुळे सभागृहं बंद, आदल्या वर्षीचा गणपती गेला, यात्रा गेल्या. सांगलीला होणारं शंभरावं नाट्यसंमेलनसुद्धा २०२०च्या मार्चमध्ये राहून गेलं होतं. वाजवणाऱ्यांवर तर पूर यायच्या आधीच दीड वर्षं कोरडा दुष्काळ होता. आम्ही ओळखीच्यांकडून थोडे पैसे जमवले आणि त्या वेळी पहिल्यांदा यादीत वाद्यं घातली. पुड्या, भाते, एक की-बोर्ड, बँडवाल्यांची दोन क्लॅरिओनेट. धान्य आणि चादरी सोडून तुम्ही वाजंत्र्यांच्या मागं लागलात, असं मला ऐकवलं गेलं. धान्य सरकार देत होतं, संस्था देत होत्या. पुडी कुणी देत नव्हतं.

ढोलकीवाला अजून आमच्याबरोबर वाजवतो. आता कार्यक्रमानंतर पाकीट सगळ्यांना मिळतं, गाणाऱ्या पगारी माणसांनाही. त्यांना ते घ्यायला संकोच वाटतो, पण मी सोडत नाही. ज्याला द्यायचं आहे त्यानं पाकीट आधी घ्यावं, मग माझ्या टेबलाशी येऊन आपल्या नावाची पावती फाडावी. मागच्या वेळी डॉक्टर बाईंनी सगळं परत दिलं. ढोलकीवाल्यानं निम्मं ठेवलं आणि निम्म्याची पावती घेतली. दोन्ही पावत्या सारख्याच कागदावरच्या, सारख्याच शिक्क्याच्या. किती ठेवायचं हे त्याला कुणी विचारलं नाही, मीही नाही.