माझं फिरतं टेबल

आमच्या घरात टेबलं दोन. एक लेकाच्या अभ्यासाचं आणि दुसरं ह्यांच्या कागदपत्रांचं. मला टेबल नाही, आणि ते नाही हे इतकी वर्षं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. हिशेब लिहायचा तो कुकरच्या शिट्ट्या मोजत ओट्यावर, नाहीतर रात्री निजानीज झाल्यावर मांडीवर उशी घेऊन. तुमच्यापैकी कितीजणींकडे स्वतःचं टेबल आहे, सांगा बरं!

मी पोस्टाच्या बचतीची एजंट आहे. १९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू झाली, तिच्यात एजंट बायकाच असतात. घरोघरी जाऊन पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे, म्हणजे आपल्या रिकरिंगचे, हप्ते गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे. यादी आता ऑनलाइन करावी लागते. पण पैसे हातात पडले की खातेदाराच्या कार्डावर तारीख, रक्कम आणि सही करायची ती पेनानंच आणि तिथल्या तिथं. आता 'तिथल्या तिथं' म्हणजे कुठं? कधी जिन्याच्या कठड्यावर, कधी भिंतीला कार्ड टेकवून, तर कधी कुणाच्या तरी उभ्या स्कूटरच्या सीटवर!

सामान सगळं एका कापडी पिशवीत. तिच्यातच छत्री, तिच्यातच येताना घेतलेली भाजी. "अहो, एक चांगलीशी फाइल घ्यायला हवी," असं मी दर पावसाळ्यात म्हणे आणि दर दिवाळीला विसरे. नवऱ्याच्या पाकिटाला आणि मुलाच्या दप्तराला आपण लगेच पैसे काढतो, स्वतःच्या वस्तूला मात्र 'बघू पुढं'.

ते 'पुढं' एका जुलै महिन्यात आलं, आणि फार वाईट रीतीनं आलं.

मंडईच्या तोंडाशी बांगड्या विकणाऱ्या एक मावशी आहेत. महिन्याला पाचशे रुपये भरतात, नातीच्या लग्नासाठी. त्या दिवशी पाऊस कोसळत होता. मावशी म्हणाल्या, "कार्ड घरी ऱ्हायलंय गं, चिठ्ठीवर लिहून ठेव." मी छत्री मानेत धरून कागदाच्या एका कपट्यावर लिहिलं आणि कपटा पिशवीत टाकला. घरी आले तर गॅसवाला दारात उभा. त्याला द्यायला हाती लागले ते पैसे दिले, आणि मग स्वयंपाक, पाहुणे, लेकाची परीक्षा...

महिनाअखेरीला मावशींच्या नावापुढं रक्कम नाही. मी विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "दिलेत की मी." आणि मी, मैत्रिणींनो, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "नाही हो मावशी, तुमच्या लक्षात नसेल. माझ्याकडे लिहिलेलं नाही." त्या काही बोलल्या नाहीत. समोरच्या मुलीच्या हातात बांगड्या भरत राहिल्या.

आठ दिवसांनी पिशवी धुवायला काढली. तळाच्या शिवणीत कोथिंबिरीच्या वाळक्या काडीला चिकटून तो कपटा बसला होता. शाई पसरली होती, पण 'मावशी ५००' एवढं स्पष्ट वाचता येत होतं. मी न्हाणीघरात तशीच मटकन बसले.

पोस्टात उशिराचा दंड शंभराला एक रुपया. म्हणजे पाचशेच्या हप्त्याला पाच रुपये. ते मी माझ्याजवळचे भरले आणि मावशींकडे गेले. चुकलं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पैशाचं काय न्हाई बाई. पर चारचौघांत तू मला खोटं पाडलंस, ते लागलं." दंड पाच रुपयांचा होता, माझी लाज पाच रुपयांची नव्हती. दुसऱ्याच्या घामाचा पैसा लिहून घेणाऱ्या बाईला लिहायला धड जागा हवी, हे मला त्या दिवशी कळलं.

मग सुरू झाला माझा फोल्डरचा शोध!

ह्यांनी पहिल्यांदा मुलांचं परीक्षेचं पॅड आणून दिलं. "चाळीस रुपयांत काम झालं बघ." काम झालं ते पहिली सर येईपर्यंत. पॅडवर लिहायला छान, पण कागद उघडेच. २०१९च्या महापुरात आमच्या सांगलीत घरोघरी भिजलेली कागदपत्रं दोरीवर वाळत घातलेली आम्ही पाहिली आहेत. भिजल्या कागदाची किंमत सांगलीकरांना कुणी शिकवायला नको.

नंतर एका प्रदर्शनात मी भुलले. डाळिंबी रंगाचा, आरशासारखा चमकणारा फोल्डर. आत इंग्रजीत सोनेरी छाप, अस्सल चामड्याचा. नऊशे रुपये. पुढच्या पावसाळ्यात दुमडीच्या जागी पापुद्रे सुटायला लागले. पांढऱ्या साडीवर डाळिंबी खवले! खाली निघालं कापड. वरचं चामडं नव्हतंच, प्लास्टिकचा थर होता. दमट हवेत आणि उन्हात तो कालांतरानं असाच सुटतो, हे मला नंतर कळलं. सासूबाई म्हणाल्या, "रंग बघून सून करू नये आणि पिशवी घेऊ नये." टोमणा होता की सल्ला, मी विचारलं नाही.

आमच्या वन्सं कोल्हापूरला असतात. त्या म्हणाल्या, "वहिनी, दुकानात कशाला शोधता? सुभाषनगरात चपला करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून मापाचा करून घ्या की." मी निघाले, पण त्याआधी एक युक्ती केली. ती मात्र तुम्हीही जरूर करा. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि वहीच्या आकाराचे दोन फोल्डर कापून चिकटवले, एक मोठा आणि एक लहान. आठ दिवस तेच घेऊन फिरले. मोठ्यात अर्जाचा कागद न दुमडता मावे, पण बगलेत धरला की छत्री धरता येईना आणि एस्टीत शेजारणीला कोपरा टोचे. लहान म्हणजे अर्ज मधोमध दुमडून मावेल एवढा, बंद असताना साधारण सतरा सेंटिमीटर रुंद आणि चोवीस उंच. त्यात वही, पासबुकं आणि कार्डं सुखानं राहिली. उघडला की मांडीवर पुरेशी जागा. फुकटच्या पुठ्ठ्यानं माझे पुढचे पैसे वाचवले.

सुभाषनगरातल्या त्या घराच्या ओसरीवर रापी, आरी, मेण लावलेल्या दोऱ्याची गुंडी, भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर. कारागीर दादा जमिनीवर मांडी घालून बसलेले आणि शेजारी त्यांची पत्नी चपलेसाठी चामड्याची बारीक वेणी गुंफत होती. तिच्याकडेही टेबल नव्हतंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आमचा सांगली जिल्हाही आहे. पण त्या मानामागं हे असे पाठीतून वाकलेले हात आहेत, हे जवळून पाहिल्यावरच कळलं.

मी पुठ्ठा पुढं केला. दादांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "ताई, लिव्हताना बसता का हुबं ऱ्हाता?"

मला एकदम भरून आलं. इतक्या दुकानांत फिरले, कुणी रंग विचारला, कुणी बजेट विचारलं. हे कुणीच विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"उभ्यानं," मी म्हटलं. "बहुतेक वेळा दारातच."

"मग मागच्या अंगाला पट्टा लावतो. पंजा आत घातला की फोल्डर हातावर बसंल, पडायचा न्हाई."

मग त्यांनी मला चामडं दाखवलं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं म्हशीचं कातडं. ही पद्धत सावकाशीची. रसायनावर कमावलेलं लवकर तयार होतं, हाताला मऊ लागतं आणि पाण्यालाही जरा जास्त दाद देत नाही. सालीवरचं कातडं ताठ असतं, आकार धरून राहतं आणि वापरानं गडद होत जातं, पण पाण्याचा थेंब चटकन पिऊन डाग धरतं. म्हणून बाहेरून सालीवरचं ताठ कातडं मेण घासून आणि आतले कप्पे शेळीच्या मऊ कातड्याचे, असं ठरलं. लिहायच्या बाजूला आत पातळ हार्डबोर्ड.

अस्सल कसं ओळखायचं, तेही त्यांनीच शिकवलं. आधी कापलेली कड बघायची. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, नकलीची कड कापडावर साय धरल्यासारखी थरांची असते. उलट बाजू रेशाळ हवी. अंगठ्यानं दाबलं की भोवती बारीक सुरकुत्या पडल्या पाहिजेत, आपल्या हाताच्या कातडीला पडतात तशा. नुसत्या वासावर जाऊ नका, वास लावताही येतो. आणि 'अस्सल' हा छाप म्हणजे उत्तम प्रतीची हमी नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवा.

मी म्हटलं, "चारी बाजूंनी चेन लावा ना." दादा हसले. चेन लावली तर लिहिताना मनगट तिच्या दातांवर घासणार, आणि ती उघडायला दोन हात लागणार. त्यापेक्षा वरून झडप आणि पट्टीत खोचायची जीभ. एका हातानं उघडते आणि दुसरा हात छत्रीला मोकळा. पेनाचं घर आतल्या बाजूला, माझ्याच पेनाच्या मापाचं, कारण बाहेर लावलेलं पेन गर्दीत कुणाच्या तरी पदराबरोबर निघून जातं. कप्पे डावीकडे, लिहायची बाजू उजवीकडे. शिवण हाताची, एका दोऱ्याला दोन सुया. अशी शिवण एका जागी तुटली तरी सगळी उसवत नाही.

किंमत अठराशे रुपये. मी मनात दचकले. पण आधीचे नऊशे पाण्यात गेले होते, ते आठवलं. स्वतःच्या कमिशनमधून, स्वतःच्या वस्तूसाठी, कुणाला न विचारता मी पहिल्यांदाच एवढे पैसे मोजले. तेसुद्धा घासाघीस न करता. ज्या हातांनी माझ्या हातांचा विचार केला, त्यांच्याशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालवेना.

घरी वेगळंच नाटक. सासूबाईंनी लांबूनच विचारलं, "कातड्याचं का गं? देवघराजवळ नको हो आणू." आमचं देवघर स्वयंपाकघरातच, आणि माझा हिशेबही तिथंच. मी म्हटलं, "आई, ह्यांचा कमरपट्टा घरभर फिरतो. आणि भजनाला तुम्ही जाता, तिथल्या मृदंगाला काय लावलेलं असतं?" त्या गप्प झाल्या. मला वाटलं, रागावल्या. चार दिवसांनी फोल्डर ओट्यावरच विसरून मी बाहेर पडत होते, तर मागून हाक आली, "अगं, तुझं टेबल राहिलं!" आणि तो त्यांच्या हातात होता.

आता तीन पावसाळे झाले. कोपरे मऊ झाले आहेत, झडपेवर अंगठ्याची गडद खूण पडली आहे, एक पाण्याचा डागही आहे. पापुद्रा मात्र एक नाही.

निगा फारशी नाही, पण नेमानं हवी. भिजला तर कोरड्या सुती फडक्यानं टिपायचा, उघडून सावलीत वाळवायचा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवला तर कातडं कडक होऊन तडकतं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. धरलीच, तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा आणि वारा लागू द्या. खोबरेल तेल चोपडायचा मोह टाळा, त्यानं कातडं चिकट होतं आणि कागदाला तेलाचे डाग पडतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा बिनरंगाचं मेणाचं पॉलिश पुरे. रंगाचं लावलंत तर साडीची आशा सोडा!

फोल्डर आणल्यावर पहिली नोंद केली ती मावशींची. बांगड्यांच्या गाड्याशेजारी उभी राहिले, पंजा पट्ट्यात घातला, कार्ड ठेवलं आणि तारीख, रक्कम, सही अशी सरळ ओळीत लिहिली. मग वहीतही लिहिलं आणि दोन्ही त्यांना दाखवलं. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं, मग फोल्डरवरून हात फिरवला. मनगटातल्या बांगड्या वाजल्या.

"दणकट हाय," त्या म्हणाल्या. "आता चिठ्ठीवर लिहू नगंस."

नाही लिहीत. कार्ड घरी राहिलं असेल, तर मावशींच्या पानावर त्यांच्यासमोरच लिहिते, आणि मगच छत्री उघडते.