भिंतीवरचा पिवळा ग्रेडर



मागे टाकलेल्या मलिद्याच्या फोटोत भिंतीवर एका पिवळ्या यंत्राचा फोटो दिसतो, तो कसला, असं अश्दोदच्या भाचीने विचारलं. तो आमचा ग्रेडर. अल नहदाच्या शारजाकडच्या बाजूला, सहारा सेंटरजवळ आम्ही राहायचो तेव्हाचा. आम्हा दोघांत एक नर्स, एक मेकॅनिक. कोण काय बोललं ते तुम्हाला वाचताना कळेलच.

रोलर रस्ता दाबतो, ग्रेडर खरवडून सपाट करतो. सहा चाकं, आणि मधोमध गोल चक्राला टांगलेलं बारा फुटी पातं. आमचा कॅटरपिलर १४० जी, तेरा-चौदा टनांचा, भागीदारीत जुना घेतलेला. वाळूच्या मुलुखात असं यंत्र टिकवायचं म्हणजे रोज एअर फिल्टर बघायचा, रेडिएटरच्या जाळीतली धूळ काढायची, सांध्यासांध्याला ग्रीस द्यायचं, चक्र सैल खेळायला लागलं की झिजलेल्या पट्ट्या बदलायच्या. हायड्रॉलिकचे रबरी होज तर तिथल्या उन्हाने तडकतातच. पणजोबांनी अलिबागकडे घाण्यावर तेल गाळलं, आम्ही यंत्राला तेल पाजतो, असं घरात म्हणायचे. आणि आम्हीही शनिवार तेलीच, शनिवारी ग्रेडर उभा. २००६ साली सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, तेव्हा बरंच वाटलं. कुणाला कारण सांगावं लागेना.

२००९ मध्ये धैदकडे शेतांचे कच्चे रस्ते सपाट करायचं काम मिळालं. पन्नासेक किलोमीटर ग्रेडर चालवत नेत नाहीत, लोबेडवर चढवतात. पातं वळवून यंत्राच्या रुंदीत आणायचं, लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचं, मधला सांधा पिन घालून लॉक करायचा, मग साखळदंड. वर्दळीच्या वेळी जड गाड्यांना बंदी, म्हणून शुक्रवार पहाटेचा लोबेड ठरवला. पैसे आगाऊ दिले.

गुरुवारी दुपारी पात्याच्या सिलिंडरचा होज ओला दिसला. हाताखाली म्हसळ्याचा एक मुलगा होता, विशीतला. इंजिन चालू असताना गळती कुठे आहे म्हणून त्याने होजवरून हात फिरवला. सुई टोचल्यासारखं झालं, एवढंच. जवळच्या एका दवाखान्यात पुसून पट्टी लावली आणि घरी पाठवलं.

संध्याकाळी तो आमच्याकडे जेवायला आला. आंबोळी तोडताना डाव्या हाताची तर्जनी वेगळी धरून बसला होता. "काय रे झालं?" "काय नाय काकी, जरा टोचलंय. आता दुखत पण नाय." पट्टी सोडली तर टाचणीच्या टोकाएवढं भोक, रक्त नाही, पण बोट पांढरं, ताठ आणि फुगलेलं. कशाने टोचलं ते ऐकलं आणि ताट पुढून काढून घेतलं. ऑपरेशन लागणार, पोट रिकामं हवं.

ग्रेडरच्या हायड्रॉलिकमध्ये चौरस इंचाला दोन हजार पौंडांहून जास्त दाब असतो. कातडी फोडायला शंभरसुद्धा पुरतात. तेल आत शिरलं की शिरेबंधांच्या कडेने हातात पसरतं आणि आतून मांस मारत जातं. वरून काही दिसत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. खरा उपाय एकच, भूल देऊन बोट उघडायचं आणि धुवायचं, तेही काही तासांत. मुंबईत शिकताना कापड गिरणीतला एक कामगार असाच उशिरा आला होता. त्याचं बोट कापावं लागलेलं आम्ही पाहिलं होतं.

मेकॅनिक म्हणाले, पहाटे लोबेड येतोय, रात्री जरा बघू, सकाळी नेऊ. नर्स म्हणाली, सकाळी नेऊन काय दाखवायचं? चोवीस वर्षांच्या संसारात एवढ्या मोठ्या आवाजात आम्ही तेव्हाच बोललो असू. मुलगा दाराशी चपला घालून उभा.

तेलाचा डबा बरोबर घेतला, कुठलं तेल आहे ते सर्जनला कळायला हवं. हात उंच धरायला लावला. इमर्जन्सीत बोटाच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन द्यायला निघाले होते. फुगलेल्या बोटात आणखी दाब नको, पूर्ण भूल द्या, असं सांगावं लागलं. म्हाताऱ्या नर्सचं ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. रात्री अकराला थिएटरमध्ये घेतलं.

बोट वाचलं. पण डिपॉझिट भरायला धैदच्या कामाचा आगाऊ मिळालेला पैसा गेला, लोबेडचेही बुडाले. दुसरा लोबेडवाला म्हणाला, उद्या शनिवारी, नाहीतर पुढच्या आठवड्यात. धैदचा मालक आठवडाभर थांबणार नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले. जेवताना कुणी काही बोललं नाही. पहाटे चारला मेकॅनिक उठले, चहासुद्धा न घेता गेले. नर्सने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. नवा होज बसवून, पुठ्ठा धरून गळती तपासून ग्रेडर चढवला. आमच्या घरातलं यंत्र शनिवारी चाललं ते तेव्हाच.

त्या मुलाच्या बोटाचा शेवटचा सांधा अजून वाकत नाही. म्हसळ्याला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, आणि दारात पुठ्ठ्याचा तुकडा खिळ्याला लटकवलेला असतो.

भिंतीवरचा फोटो धैदला पोचल्यावर काढलेला. अल्बममधल्या बाकी सगळ्या फोटोंमागे आम्ही तारखा घातल्या आहेत, याच्यामागे नाही.